डीपीजवळचे तीन टोले

समस्त ग्रामस्थ, माता-भगिनी, बाहेरगावाहून आलेले पाहुणे आणि पारावर बसलेले इतर सर्व रिकामटेकडे यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, काल दुपारपासून आज सकाळपर्यंत आपल्या गावातली लाईट गेलेली नाही. कृपया कोणीही घाबरून जाऊ नये. लाईट का गेली नाही याची चौकशी चालू आहे.

ही घोषणा मी केली. मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यावरून, सकाळी साडेसात वाजता, घसा साफ करून. आदल्या दुपारच्या वादळानं जुन्नरपासून येडगावच्या धरणापर्यंत खांब आडवे केले होते. शेजारच्या तिन्ही गावांत पंखे बंद, गिरण्या बंद, मोबाईल मान टाकून पडलेले. आणि आमचं गाव मात्र धरणाच्या पाण्याकडेला दिवे लावून बसलेलं, लग्नघरासारखं.

गाव हसलं. बैलगाड्यांच्या शर्यतीत मी निवेदक असतो, त्यामुळे माझ्या आवाजावर हसायची लोकांना सवय आहे. पण ज्याच्यासाठी ती घोषणा होती तो माणूस देवळापासून चार घरं सोडून खाटेवर, उशीला टेकून, नाकात नळी घालून बसला होता. माझा थोरला भाऊ. तो हसला, असं वहिनीनं मला नंतर सांगितलं. हसल्यावर त्याचा दम परत यायला बराच वेळ लागला आणि म्हणून ती माझ्यावर चिडली आहे, हेही सांगितलं. त्या दिवसांत दादाला हसणं झेपत नसे. गावभर मी वाट्टेल ते बोलत हिंडायचो, पण घराच्या उंबऱ्यात आलो की विनोद आखूड करायचो, त्याला पुरेल एवढा.

दादाचा श्वास एका मशीनवर होता आणि मशीन लाईटवर. आमच्या घरात दोन वर्षं दुसरं काही घडलंच नाही.

त्याआधीची तीस वर्षं मात्र गावाची लाईट दादावर होती.

आमच्याकडं ज्याला झिरो वायरमन म्हणतात, तो दादा होता. सरकारी वायरमन एक असतो आणि त्याच्याकडं पाच-सहा गावं असतात. तो येईपर्यंत कोण थांबतो? म्हणून प्रत्येक गावात असा एक माणूस तयार होतो, ज्याला पगार नाही, बिल्ला नाही, हुद्दा नाही, पण लाईट गेली की पहिला फोन त्यालाच जातो. कागदावर तो शून्य, म्हणून झिरो. दादाला या पदवीचा अभिमान होता. जुन्नरला कचेरीत कोणी विचारलं, काय करता, तर तो सांगायचा, झिरो आहे. विचारणारा गोंधळायचा आणि मी शेजारी उभा राहून गंभीर तोंडानं मान डोलवायचो. सुकलेला बांबू, त्याच्या टोकाला आकडा, पायात रबरी चपला आणि खिशात तांब्याच्या तारेचं वेटोळं, एवढं त्याचं ऑफिस. शेतीतून उरलेला वेळ मी खांबावर असतो, असं तो म्हणायचा. वहिनी हेच वाक्य उलटं करून सांगायची.

आमच्याकडं घरांची आणि पाण्यावरच्या मोटारींची लाईन एकच. डीपी, म्हणजे दोन खांबांमध्ये बसवलेला ट्रान्सफॉर्मर, तोही एकच. आणि प्रत्येक मोटारीच्या पेटीत लोकांनी ऑटो स्विच बसवलेला. लाईट आली की मोटार आपोआप चालू, मालकानं घरी चहा पीत बसावं. पण चाळीस मोटारी एकाच क्षणी उठल्या की त्या चाळीस माणसांसारख्या एकाच दारातून घुसू पाहतात. फ्यूज उडायचा. दादा चढायचा, तार घालायचा, उतरायचा. लाईट यायची, चाळीस मोटारी पुन्हा उठायच्या, पुन्हा फट्. एका दिवसात सात वेळा चढल्यावर त्यानं एक युक्ती काढली.

शाळेची जुनी इमारत पाडली तेव्हा तिथला रुळाचा तुकडा, जो बडवून आम्हाला प्रार्थनेला उभं करत, तो त्यानं उचलून आणला आणि डीपीशेजारच्या बाभळीला टांगला. मग गावाला समज दिली. ऑटो काढून टाका. लाईट आली की मी वाजवीन. पहिल्या टोल्याला पाण्याकडेच्या मोटारी, दुसऱ्याला ओढ्याच्या, तिसऱ्याला माळावरच्या. आपल्या टोल्याआधी कोणी बटण दाबलं तर त्याचा फ्यूज मी काढून माझ्या घरी नेऊन ठेवीन.

दोन टोल्यांमध्ये तो डीपीकडं कान लावून उभा राहायचा. ओझं पडलं की ट्रान्सफॉर्मरचं गुणगुणणं जाड होतं, मोटारींनी वेग घेतला की पुन्हा बारीक होतं. ते बारीक झालं की पुढचा टोला. कोणी लबाडी केली तर त्याला आवाजावरून कळायचं. मग तो त्या माणसाच्या बांधावर जाऊन नुसता उभा राहायचा. तंबाखू मळायचा. समोरचा हळूच मोटार बंद करायचा आणि चुकून दाबलं गेलं म्हणायचा. एकदा मीच दाबलं होतं. भाऊ म्हणून सवलत मिळेल असं वाटलं होतं. माझ्या बांधावर तो दुप्पट वेळ उभा राहिला.

मग ती साथ आली. दादा तीन आठवडे दवाखान्यात काढून परतला, आम्ही पेढे वाटले, आणि हळूहळू लक्षात आलं की दवाखान्यातून सगळा दादा परतलाच नव्हता. खांब राहू दे, ओट्याची तिसरी पायरी चढताना तो मध्येच थांबायचा आणि शेजाऱ्याच्या घराचं बांधकाम न्याहाळतोय असं दाखवायचा. शेजाऱ्याचं घर आम्ही जन्मापासून पाहतोय.

नारायणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, फुफ्फुसं आतून कडक झाली आहेत, ऑक्सिजनचं मशीन घरी न्या, जेवताना आणि अंघोळीलासुद्धा नळी काढू नका. मशीन आलं. गुडघ्याएवढं, चाकांवर चालणारं, समोर एक हिरवा दिवा. खोलीतली हवा ओढायचं आणि त्यातला ऑक्सिजन वेगळा काढून नळीत सोडायचं. फुस्स, फट्, फुस्स, फट्. दादानं पहिल्या दिवशी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं.

"बारक्या," तो म्हणाला, "आपली मोटार आली बघ घरात. पाण्यात सोडायचा फूटव्हॉल्व्ह तेवढा माझ्या नाकात."

वहिनी हसली नाही. तिनं त्या दिवसापासून मशीनचा ताबा घेतला. लाईट गेली की घरचा इन्व्हर्टर तासभर मशीन ओढायचा, त्यानंतर कोपऱ्यातला सिलिंडर. सिलिंडर संपायच्या आत दुसरा आणायचा. हे सगळं तिच्या हाताला पाठ झालं. पंख्याची पाती वेगवेगळी दिसायला लागली की ती उठलेलीच असायची. तिला घड्याळ लागत नसे, हिरवा दिवा पुरे होता. पाहुण्यांचे फोन यायचे, कसं आहे म्हणून विचारायचे. ती एकच उत्तर द्यायची.

"लाईट हाये."

विचारणाऱ्याला वाटायचं तिला ऐकू आलं नाही. तिला नीट ऐकू आलेलं असायचं.

वहिनीचं माहेर पारगावचं. तिच्या भावानं सांगितलं, दाजींना इकडं आणा, कारखाना उसाच्या चिपाडावर स्वतःची वीज करतो, आमच्या बाजूला लाईट सहसा जात नाही. वहिनीनं पिशव्या भरल्यासुद्धा. दादा नाही म्हणाला. कारण विचारलं तर सांगितलं की तिथला ट्रान्सफॉर्मर त्याच्या ओळखीचा नाही. मी त्यावर गावात पुष्कळ हशा मिळवला. आता आठवतं की पिशव्या रिकाम्या करताना वहिनीची पाठ आमच्याकडं होती.

अशातच आमच्या माळावर सोलरचं काम निघालं. गायरानावर काचांच्या रांगा उभ्या राहिल्या, त्यांच्या कडेला बॅटऱ्यांचे दोन पांढरे डबे, ट्रकच्या हौद्याएवढे. कामावर पुण्याहून एक इंजिनिअर म्याडम येत, तिशीच्या, डोक्याला सुती रुमाल, पायात जाड बूट. त्यांनी ग्रामसभेत समजावून सांगितलं. दिवसा मोटारी उन्हावर चालतील. बाहेरची लाईन तुटली तर गाव स्वतःला त्या लाईनीपासून आपोआप वेगळं करून घेईल आणि बॅटरीवर चालू राहील. मात्र बॅटरीला मर्यादा आहे, तेव्हा संकटात कोणाची लाईट आधी, ते गावानं ठरवावं.

असं गावाला विचारू नये. पाणीपुरवठा, उपकेंद्र आणि दूध थंड करायची टाकी यावर एकमत झालं. त्यानंतर एकानं टोमॅटोच्या गाळ्यांचं नाव घेतलं. दुसऱ्यानं कोंबडीच्या पिल्लांचं. तिसरा म्हणाला, आमच्याकडं सासूबाई मालिका बघतात, ती बंद पडली तर जे होईल ते वादळापेक्षा वाईट. मी स्वतः उठून देवळाच्या भोंग्याचं नाव सुचवलं, आपत्तीच्या वेळी जनतेला धीर कोण देणार म्हणून. दादाचा लहानपणचा सोबती असलेला आमचा गिरणीवाला शेवटी उभा राहिला. तो चांगलं बोलत नाही, शब्द पिठासारखे सांडतात.

"आरं, ते सगळं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "पयलं नाव दादाच्या घराचं लिवा. तीस वर्सं आपल्यासाठी खांबावर व्हता तो. मंग बाकीचं."

म्याडमनी लिहून घेतलं. टोमॅटोवाल्यानं खाली बघितलं.

एका घराला वेगळी तार जात नाही, आख्खी आळी त्या यादीत आली, आणि आळीच्याच लाईनीवर पाण्याच्या मोटारी. तेव्हा म्याडमनी प्रत्येक स्टार्टरवर एक छोटी पेटी बसवली, मोबाईलसारखी, आत सिमकार्ड. लाईट आली की पेट्या आपापसात ठरवून मोटारी पाळीपाळीनं सोडणार. गावात कुजबुज झाली की आपली मोटार आता पुण्यातून चालू होणार. तरी पेट्या बसल्या. अडचणीला असावं म्हणून हातानं दाबायचं हिरवं बटणही तसंच ठेवलं.

चाचणीच्या दिवशी सकाळी दहाला बाहेरची लाईन मुद्दाम तोडली. मी दादाजवळ बसलो होतो. पंखा एक क्षण अडखळला आणि पुन्हा फिरला. हिरवा दिवा लुकलुकलासुद्धा नाही. वहिनीनं देवाकडं न बघता मशीनकडं बघून हात जोडले. दादा म्हणाला, आता पयली लाईन घेईल बघ.

आणि तेवढ्यात डीपीकडून रूळ वाजला.

ठण्ण. दादाचा चेहरा मी विसरणार नाही. आजारी पडल्यापासून त्यानं तो आवाज ऐकला नव्हता. गिरणीवाल्याला वाटलं होतं, एवढा मोठा दिवस, दादा घरात पडलेला, त्याच्या नावानं तीन टोले तरी वाजले पाहिजेत. त्यानं ते मनापासून वाजवले. आणि आनंदाच्या भरात मध्ये न थांबता वाजवले, एक, दोन, तीन. गावानं काय करावं? वर्षानुवर्षांची सवय. टोला ऐकला की हात बटणाकडं जातो. पेट्यांचं काम पेट्या करत होत्या आणि त्यावर चाळीस माणसांनी मानानं, श्रद्धेनं, आपला टोला आपल्याला आठवतो हे दादाला दाखवायला हिरवी बटणं दाबली.

पंख्याची पाती दिसायला लागली. मशीननं एक लांब शिटी दिली आणि फुस्स-फट् थांबलं. घरचा इन्व्हर्टर आदल्या दिवशीच काढून ठेवला होता, आता लागणार नाही म्हणून, काढणारा मीच. वहिनी सिलिंडरपाशी पोचून चावी फिरवत होती. दादा तोंड उघडं ठेवून माझ्याकडं बघत होता. नळी बदलून होईपर्यंत किती वेळ गेला कोण जाणे. तेवढ्यात त्याची नखं निळसर झाली.

श्वास जागेवर आल्यावर पहिली गोष्ट त्यानं म्याडमना बोलावून घ्यायला सांगितली. म्याडम आल्या, चेहरा उतरलेला, त्यांना वाटलं रागवायला बोलावलंय. त्यांच्या मागं गिरणीवाला, दारातच उभा, आत यायला तयार नाही.

दादानं विचारलं, "तुमची पेटी... दोन लायनींमधी किती थांबती?"

त्यांनी सांगितलं. दादानं मान हलवली.

"कमी हाये. पाण्याकडंच्या तीन मोटारी... लई म्हाताऱ्या. उठाया येळ लावत्यात. गुणगुण बारीक व्हईस्तवर... थांबाया लागतं."

म्याडम खाटेशेजारच्या पाटावर बसल्या आणि वही काढली. त्या दिवशी अर्धा तास, नंतर आणखी दोन दुपारी. दादा डोळे मिटून गाव चालायचा. कोणाची मोटार जड आहे, कोणाच्या पाईपात हवा धरते, कोणाची केबल दोन जागी जोडलेली आहे, कोण सांगतो एक आणि चालवतो दुसरीच. चार शब्द बोलायचा, चार श्वास घ्यायचा. म्याडम मध्येच एकदाही बोलायच्या नाहीत, पेन टेकवून थांबायच्या. त्यांच्या कॉम्प्युटरवर मोटारींचे तीन गट होते, त्यांची इंग्रजी नावं खोडून त्यांनी पहिला टोला, दुसरा टोला, तिसरा टोला अशी लिहिली. मला त्यांनी पडद्यावर दाखवलं.  

पहिल्याच दिवशी म्याडम निघाल्या तेव्हा दादानं सांगितलं, रूळ उतरवा. पुन्हा कोणाचा हात गेला तर पुन्हा तेच होईल. गिरणीवाला रडायला लागला, मी उतरवतो म्हणाला, आणि त्यानंच तो उतरवून खांद्यावर घरी आणून टाकला. ओट्याच्या कोपऱ्यात तो पडून राहिला. वहिनी त्याच्यावर शेंगा फोडायला लागली. टोल्यासारखाच आवाज, फक्त बारीक.

दुसरी चाचणी बिनबोभाट पार पडली. मग ते वादळ आलं, गाव चालू राहिलं आणि मी भोंग्यावरून ती घोषणा केली. खरं सांगायचं तर आमच्या घरातलं ते शेवटचं हसू.

कारण त्यानंतर दादाचा फोन वाजेनासा झाला. पूर्वी दिवसभर वाजायचा. लाईट कधी येणार, डीपीतून धूर येतोय का बघ, एकच फेज आहे, मोटार घोंघावतेय. आजारपणातही लोक त्याला विचारायचे आणि तो खाटेवरून गाव चालवायचा. आता विचारायला काही उरलं नव्हतं. लाईट जातच नव्हती. तो फोन छातीवर ठेवून पडायचा आणि मध्येच उचलून बघायचा, बंद तर नाही पडला.

एका दुपारी मी घरामागच्या गोठ्यात जाऊन त्याला फोन लावला. आवाज बदलून म्हटलं, राव, मी पलीकडच्या गावावरून बोलतोय, आमच्याकडं लाईट गेलीय, कवा येणार? पलीकडून फुस्स-फट् ऐकू आलं. मग तो म्हणाला,

"मिक्सर हिकडं बी वाजतोय... आन फोनात बी. बारक्या, आत ये."

मी आत गेलो. तो हसला नाही. भिंतीकडं बघत म्हणाला, बरं वाटलं, उद्या परत कर.

मग मी रोज करायचो. जुन्नरच्या पेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की तिथून, सुट्टीच्या दिवशी गोठ्यातून. कधी मी आदिवासी पट्ट्यातला नाचणीवाला व्हायचो, कधी ऊसतोडीचा मुकादम, कधी लग्नमंडपातला घाबरलेला वरबाप. नसलेल्या गावांतल्या नसलेल्या डीप्या मी जाळल्या. आणि तो सगळं माहीत असून खरी उत्तरं द्यायचा. आधी फ्यूज बघा. सगळ्यांला मोटारी बंद ठेवाया सांगा. पाळीनं सोडा. घाई करू नका. उत्तरं दिवसेंदिवस आखूड होत गेली.

डॉक्टरांनी मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा दोनवरून तीनवर नेला, मग पाचवर. त्यापुढं आकडा नव्हता. त्या दिवशी त्यांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, "मशीन उत्तम चाललंय. लाईटचं तुम्ही गावानं जे केलंत, ते मी दुसरीकडं बघितलेलं नाही. पण आता मशीन देतंय ते घ्यायला आत जागा उरली नाहीये. घरच्यांना सांगा."

घरच्यांना, म्हणजे वहिनीला. नारायणगावहून परत येताना ती रिक्षात माझ्या शेजारी होती. काय म्हणाले डॉक्टर, तिनं विचारलं. मशीन उत्तम चाललंय म्हणाले, मी सांगितलं. ती खूश झाली. शर्यतीच्या घाटात हजारो माणसांसमोर ज्याची जीभ अडखळत नाही, गावातली प्रत्येक बातमी ज्याच्या तोंडून तिखटमीठ लावून बाहेर पडते, त्याच मी डॉक्टरांचं अर्धं वाक्य गिळलं. नंतर सांगू म्हटलं. दोन महिने नंतर सांगू म्हटलं. ती रोज सकाळी विचारायची, भावजी, माळावरच्या बॅटऱ्या भरल्यात ना? आणि मी दरबारी आवाजात उत्तर द्यायचो की महाराणी, काठोकाठ भरल्या आहेत, सूर्यनारायण स्वतः हजर राहून भरून गेले. ती निवांत मनानं चहा ठेवायला जायची.

तो दिवस सुट्टीचा होता. अकराच्या सुमाराचं स्वच्छ ऊन. माळावरच्या काचांकडं बघवत नव्हतं. पहिल्या टोल्याच्या मोटारी लागून गेल्या होत्या, दुसऱ्याच्याही. पाटाला पाणी आलेलं ओट्यावरून दिसत होतं. वहिनी कोपऱ्यात रुळावर शेंगा फोडत बसली होती. मी गोठ्यात गेलो आणि दादाला फोन लावला. त्या दिवशी मी मंत्र्याचा पीए होणार होतो. मंत्र्यांच्या बंगल्याची लाईट गेलीय आणि खुद्द साहेब झिरोंशी बोलू इच्छितात, असं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं.

फोन वाजत राहिला. भिंतीपलीकडून तो वाजताना मला ऐकूही येत होता. वाटलं, आज चांगलं उत्तर जुळवतोय, म्हणून वेळ लावतोय. मी तसाच उभा राहिलो, तोंड हसरं ठेवून. पूर्ण वाजून तो बंद झाला. मी पुन्हा लावला.

ओट्यावरचा शेंगांचा आवाज थांबला. वहिनीनं हाक मारली, अवं भावजी, त्यांचा फोन वाजतोय, घेत न्हाईत, झोप लागली काय बघा.

मी आत आलो तेव्हा फोन दादाच्या छातीवर वाजत होता आणि छाती हलत नव्हती. मशीन आपलं काम करत होतं, फुस्स, फट्, फुस्स, फट्. नळीतून हवा येत होती. मी बोट धरून बघितलं. मी त्याला हाक मारली, माझ्या स्वतःच्या आवाजात. मग माझ्या हातातला फोन बंद केला.

वहिनी मागून आली, पदरात शेंगांची टरफलं तशीच. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं नाही, खाटेकडंही नाही. ती सरळ मशीनपाशी गेली. त्याच्या पाठीवर हात ठेवून बघितला, गरम होतं. हिरवा दिवा बघितला. वर पंखा बघितला, पाती दिसत नव्हती इतका जोरात फिरत होता. भिंतीवरचं बटण दाबून ट्यूब लावली, भर उन्हात, ती लागली. ती बंद केली, पुन्हा लावली. आणि मग माझ्याकडं वळून, मी काहीतरी साधं विसरलोय अशा आवाजात म्हणाली,

"भावजी, पन लाईट तर हाये."